सहा नंबरची प्रेस: अपघातानंतर सुपरवायझरांना दिलेल्या प्रशिक्षणाचे एक प्रकरण

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सप्टेंबर २०२२ मध्ये रात्रपाळीत सहा नंबरच्या प्रेसवर, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, अपघात झाला आणि ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. अपघाताची तांत्रिक चौकशी रीतसर झाली आणि तिचा अहवालही सादर झाला. या लेखाचा विषय त्यानंतरचे दहा महिने हा आहे: त्या काळात पाळीवरच्या सुपरवायझरांनी काय केले, त्यांना कोणते प्रशिक्षण दिले गेले, त्यातले काय फसले आणि काय उपयोगी पडले. मी पूर्वी कामगार कल्याण अधिकारी होतो आणि आता प्रशिक्षणाचे काम करतो. जानेवारी २०२३ मध्ये व्यवस्थापनाने मला बोलावले. कारखाना किंवा माणसे ओळखू येतील असे तपशील येथे बदललेले आहेत.

मला बोलावण्याचे कारण जखमी ऑपरेटर हे नव्हते. त्या पाळीतले तीन कामगार चार महिन्यांत नोकरी सोडून गेले होते, चौथ्याला दोन मेमो दिले गेले होते आणि प्रेस शॉपचे उत्पादन रात्रपाळीत सतत कमी भरत होते. ‘पोरं घाबरट झाली आहेत, त्यांना थोडं मोटिव्हेशन द्या,’ अशी मूळ मागणी होती.

ती रात्र समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. सहा नंबरची प्रेस पिन क्लचची आहे, म्हणजे तिचा दाबणारा भाग एका पिनने फिरत्या चाकाला जोडला जातो. अशी प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा मारल्याशिवाय थांबत नाही. तिला लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेल्याचे ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावून उपयोग नसतो, कारण सेन्सरला ते कळले तरी मध्येच थांबण्याची सोय यंत्रातच नसते. म्हणून दोन हातांनी दाबायची दोन बटणे दिलेली असतात. पण क्लच झिजला की बटण न दाबताच प्रेस पुन्हा खाली येते. कामगारांच्या भाषेत ‘प्रेस डबल पडते’. त्या रात्री तसेच झाले. ऑपरेटरने दोन्ही बटणे नीट दाबली होती, फेरा पूर्ण झाला होता, तो तयार जॉब काढत होता आणि प्रेस डबल पडली. क्लचच्या आवाजाची नोंद आठ दिवस आधी लॉगबुकात झालेली होती. रविवारी मेंटेनन्स करू, तोवर चालवा, असे सांगण्यात आले होते.

समोर जॉब उचलायला उभा असलेला हेल्पर बावीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातला, ठेकेदाराकडचा. इतर लोक ऑपरेटरला धरून गेटकडे पळाले, तेव्हा बोटे त्याने उचलली, कॅन्टीनच्या फ्रिजमधला बर्फ एका कॅरीबॅगेत भरला, बोटे त्या बर्फात टाकली आणि पिशवी जीपमध्ये दिली. तुटलेला अवयव ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत बंद करायचा असतो आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची असते, कारण बर्फाचा थेट स्पर्श झाला की पेशी खराब होतात. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. जीप गेल्यावर पाळीच्या सुपरवायझरने त्याच्या हातात कॉटन वेस्ट (पुसायच्या सुती चिंध्या) दिले आणि प्रेसमधला साचा, म्हणजे डाय, पुसून घ्यायला सांगितले, कारण पहिल्या पाळीला प्रेस सुरू करायची होती आणि हातातले काम टाकून मोकळा असलेला तोच एक होता. सकाळी साडेसहाला प्रेस सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात त्या हेल्परला ती हकीकत चार वेळा सांगावी लागली: सेफ्टी ऑफिसरला, एचआरला, कंपनीच्या वकिलाला आणि ग्राहक कंपनीच्या ऑडिटरला. प्रत्येकाने त्याला विचारले, की एका हाताने प्रेस चालवता यावी म्हणून ऑपरेटरने एका बटणात पट्टी खोचून ठेवली होती का. दरम्यान पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसचा फोटो फिरला, आणि सोमवारच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (सुरक्षिततेबद्दलच्या छोट्या बैठकीत) ‘जागृती’ म्हणून तोच फोटो मोठा करून महिनाभर दाखवला गेला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. प्रत्येक माणूस नेमून दिलेले काम नीट करत होता.

मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो पाठ भिंतीला लावूनच उभा राहत होता. रात्रपाळी असली की उशिरा येई, सहा नंबरसमोर काम लागले की वारंवार लघवीला जाई, जॉब उचलण्यापूर्वी स्लाइड, म्हणजे प्रेसचा खाली-वर होणारा भाग, पूर्ण वर जाऊन स्थिर होईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबे. त्या दोन-तीन सेकंदांमुळे तासाचा काउंट घसरत होता. मेमो त्याबद्दलच होते.

पहिले प्रशिक्षण मीच आखले होते आणि ते फसले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून एका अनुभवी मानसशास्त्रज्ञांना बोलावून कॉन्फरन्स हॉलमध्ये चौदा सुपरवायझरांसाठी दोन तासांचे सत्र घेतले. मानसिक आघात म्हणजे काय, मेंदूत काय घडते, लक्षणे कोणती, अशी मांडणी होती. अमेरिकेतील व्यसनाधीनता व मानसिक आरोग्य सेवांच्या शासकीय प्रशासनाने २०१४ साली मांडलेली सहा तत्त्वेही पडद्यावर दाखवली गेली: सुरक्षितता, विश्वास व पारदर्शकता, सहकाऱ्यांचा आधार, सहयोग, निवडीचा अधिकार आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांची जाण. मांडणीत चूक काहीच नव्हती. पण सत्रात एकाने विचारले, की खंडेनवमीला सहा नंबरला नारळ फोडून हार घातला तो बरोबर की चूक; त्यावर ‘ती अंधश्रद्धा झाली, आपण शास्त्रीय बोलू,’ असे उत्तर मिळाले आणि त्या क्षणी मागच्या दोन रांगा सत्रातून मनाने उठून गेल्या. सहाव्या तत्त्वाची स्लाइड त्यानंतर दहा मिनिटांनी आली.

खरा तोटा पुढच्या पंधरवड्यात दिसला. सुपरवायझरांना नवे शब्द मिळाले होते आणि ते शब्द वापरायला त्यांनी उशीर केला नाही. हजेरीच्या वहीत हेल्परच्या नावापुढे ‘ट्रॉमा केस’ असा शेरा आला. दुसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरला, ज्याचा अपघाताशी काही संबंध नव्हता, ‘तुला पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक विकार) झालाय’ असे सगळ्यांसमोर सांगण्यात आले. सर्वांत वाईट गोष्ट सद्भावनेतून घडली: हेल्परला प्रेसपासून दूर ठेवावे म्हणून त्याला न विचारता पॅकिंगला पाठवले. पॅकिंगला रात्रपाळी नाही आणि ओटी जवळजवळ नाही. महिन्याच्या हातात येणाऱ्या रकमेत मोठी घट झाली आणि त्याने त्याचा अर्थ सरळ लावला: आपल्याला शिक्षा झाली.

वाईट प्रशिक्षण फार तर निरुपयोगी ठरते असा माझा समज होता. तो चुकीचा होता. निदानाची भाषा निदानाच्या जबाबदारीशिवाय दिली, तर ती शिक्का मारायला वापरली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण तो हक्क पाळण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकतो. पाळीच्या सुपरवायझरने वहीत काय लिहावे याबद्दल तो काही सांगत नाही. तो नियम कारखान्यालाच करावा लागतो, आणि आम्ही प्रशिक्षणाआधी तो केलेला नव्हता.

मार्चमध्ये दुसऱ्यांदा सुरुवात करताना प्रश्न बदलला. सुपरवायझरला मनाबद्दल काय माहीत असावे हा विचार बाजूला ठेवून, त्याच्या हातात प्रत्यक्ष काय असते याची यादी मी त्यांच्याकडूनच काढून घेतली. कोणाला कोणत्या मशीनवर लावायचे, पाळी कोणाशी बदलायची, गेटपास द्यायचा की नाही, मेमो वर पाठवायचा की आधी बोलायचे, अपघातानंतर कोणाला थांबवून घ्यायचे आणि कोणाला घरी सोडायचे. आघात झालेल्या माणसाचा दिवस सुसह्य किंवा असह्य करणाऱ्या गोष्टी बहुतेक याच असतात, आणि त्या डॉक्टरच्या हातात नसतात. सत्रे प्रत्येकी दीड तासाची तीन, सात-सात जणांच्या दोन गटांत, पाळी सुटल्यावर प्रेस शॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. ‘ऐका’ या शब्दाचा अर्थ ‘वदवून घ्या’ असा नाही, हे समजावायला पहिल्या सत्राचा अर्धा वेळ गेला. माणसाला एकदा बसवून सगळे बोलायला लावले की मन मोकळे होते, ही आपल्याकडची समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात, घटनेनंतर लगेच एका बैठकीत सविस्तर हकीकत सांगायला लावण्याच्या पद्धतीचा २००२ मध्ये जो पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्यात तिचा फायदा दिसला नाही आणि काहींना अपाय होण्याची शक्यता दिसली. एक सुपरवायझर म्हणाले, ‘म्हणजे आम्ही विचारायचंच नाही?’ विचारायचे, पण आजच्या कामाबद्दल. घटनेबद्दल तो स्वतः बोलला तर थांबवायचे नाही, आणि तो थांबला तर पुढे ढकलायचे नाही.

हे सगळे ‘शहरी फॅड’ आहे अशी शंका उघडपणे मांडली गेली, ते बरे झाले. त्यावर मी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात झालेल्या चाचणीची माहिती दिली. तेथे पथकांच्या प्रमुखांना, म्हणजे डॉक्टर नसलेल्या अधिकाऱ्यांना, चार तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले होते, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या हाताखालच्या जवानांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा प्रशिक्षण न मिळालेल्या प्रमुखांच्या पथकांच्या तुलनेत कमी झालेल्या आढळल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला भर कर्मचाऱ्याशी नियमित संपर्क ठेवण्यावर आणि व्यवहारातली मदत करण्यावर होता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, योगायोगाने आमच्या अपघाताच्याच महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत वरिष्ठांना असे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. आगीशी खेळणारी माणसे हे शिकतात म्हटल्यावर ‘फॅड’ हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

सरावात वाक्ये घासूनपुसून घेतली. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी ‘टेन्शन घेऊ नको, होतं असं’ याच वाक्याने सुरुवात केली. तिसऱ्या सत्राच्या शेवटी एका सुपरवायझरने जे म्हटले ते मी लिहून घेतले: ‘गेले दोन आठवडे तू रात्रपाळीला उशिरा येतोयस आणि सहा नंबरसमोर थांबत नाहीस, हे मी पाहिलं. मेमो लिहायला बोलावलं नाही तुला. काम कसं लावलं तर जमेल, ते सांग. आत्ता नाही तर उद्या सांग.’ या चार वाक्यांत काय दिसले ते आहे, भीती कमी करणारी माहिती आहे, निवड आहे आणि सवडही आहे. मानसशास्त्रातला एकही शब्द नाही.

दुसऱ्या सत्रात एक गोष्ट अशी निघाली, की तिच्यापुढे बाकी सगळे मला दुय्यम वाटते. अपघाताच्या रात्री जीपमधून हॉस्पिटलला गेलेले सुपरवायझर बोलता बोलता म्हणाले, की सर्जनने त्याच रात्री सांगितले होते: हाड आणि रक्तवाहिन्या चिरडलेल्या आहेत, बोटे जोडण्याचा प्रश्नच नाही. प्रेसखाली चिरडलेल्या बोटांबाबत बहुधा असेच असते. मी विचारले, हे हेल्परला माहीत आहे का. टेबलाभोवती शांतता पसरली. कोणीतरी सांगितले असेल असे प्रत्येकाला वाटत होते. उलट, बर्फात थेट टाकल्याने बोटे खराब झाली, हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये पडले होते, आणि सहा महिने तो तेच घेऊन झोपत होता.

दुसऱ्या दिवशी त्या सुपरवायझरनी त्याला गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेले आणि सर्जनचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. ‘म्हणजे बर्फामुळं नाही?’ असे त्याने विचारले. त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. यानंतर तो एकदम बरा झाला असे लिहिण्याचा मोह मला होत नाही, कारण तो झाला नाही. सहा नंबरसमोर उभे राहायला त्याने नंतरही नकारच दिला. पण पारदर्शकता नावाचे जे तत्त्व आम्ही पडद्यावर दाखवले होते, त्याचा अर्थ या कारखान्यात एवढाच होता: जे घडताना हजर होते, त्यांना पुढे काय झाले ते सांगा. त्याला पैसा लागत नव्हता आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती.

दुसऱ्या गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सुपरवायझरांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक नाही. ते ऑपरेटर म्हणून सुरुवात करून सुपरवायझर झालेले, तीस वर्षे प्रेसवर काढलेले. अपघातानंतरच्या पहिल्या तासाचा सराव सुरू झाला तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि पंधरा मिनिटांनी परत आले. मी काही विचारले नाही. जे शिकवत होतो त्याला ते धरून होते. सत्राच्या शेवटी नवे नियम लिहायला घेतले तेव्हा पहिला नियम त्यांनी सांगितला: ‘ज्यानं उचललं, त्याला पुसायला लावायचं नाही.’ तो त्यांच्याच शब्दांत लिहिला गेला आणि प्रेस शॉपच्या फळ्यावर अजून तसाच आहे.

इतर नियम त्याच्यामागून आले. गंभीर अपघात झालेली प्रेस त्या पाळीत आणि पुढच्या पाळीत सुरू होणार नाही. ती झाकली जाईल, आणि पुन्हा सुरू करताना आजूबाजूच्या लोकांना आधी सांगून, दुरुस्ती काय झाली ते दाखवून पहिला फेरा मारला जाईल. हकीकत एकाच माणसाने एकदा लिहून घ्यायची, सांगणाऱ्याने निवडलेला सहकारी सोबत बसवायचा आणि कारखान्यातल्या बाकीच्यांनी तोच कागद वाचायचा. सरकारी निरीक्षकांना जबाब द्यावा लागला तर तोच सहकारी सोबत जाईल. फोटो फक्त चौकशीच्या फाइलमध्ये राहतील. वहीत दिसले तेवढेच लिहायचे, कारण लिहायचे नाही. कामाची जागा बदलायची तर विचारून, सहा आठवड्यांसाठी, पैशाचा तोटा होऊ न देता, आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवून. अवयव तुटल्यास पिशवी आणि बर्फ कसा वापरायचा याचे चित्र कॅन्टीनच्या फ्रिजवर लावले गेले. खंडेनवमीच्या पूजेला कोणी हात लावला नाही. मात्र यंत्र ‘मागते’ अशी जी कुजबुज होती, तिच्याशी वाद न घालता मेंटेनन्सच्या माणसाने झिजलेली पिन सगळ्यांच्या हातात फिरवली. ती पिन पाहिल्यावर दोन-तीन जणांचे चेहरे भीतीकडून रागाकडे गेले, आणि मला ते सुधारणेचे लक्षण वाटले.

तो राग सुपरवायझरांमध्येही होता. लॉगबुकातली आठ दिवस आधीची नोंद त्यांच्यापैकीच एकाच्या हस्ताक्षरातली होती. ‘आम्ही लिहिलं होतं,’ हे वाक्य तीन सत्रांत मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. ज्याला प्रेस थांबवण्याचा अधिकार नाही, त्याला अपघातानंतर कसे बोलावे एवढेच शिकवणे हा अन्याय आहे, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले. मे महिन्यात पिन क्लचच्या सर्व प्रेस क्लचच्या तक्रारीवरून थांबवण्याचा अधिकार पाळीच्या सुपरवायझरला मिळाला. जूनमध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला, प्रेस तीन तास बंद राहिली आणि माल उशिरा निघाला. कोणी रागावले नाही. कौतुकही कोणी केले नाही.

ऑपरेटर एप्रिलमध्ये परतले. तोवर त्यांना राज्य कामगार विम्यातून तात्पुरत्या अपंगत्वाचा, वेतनाच्या ९० टक्के दराचा लाभ मिळत होता. व्यवस्थापनाने गेटवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे ठरवले होते आणि फोटोग्राफरही सांगितला होता. पाळीच्या सुपरवायझरने, कोणी न सुचवता, आधी फोन करून त्यांना विचारले. सत्कार नको, दुसऱ्या पाळीच्या गर्दीत मिसळून आत यायचे आहे, असे उत्तर आले. ते तसेच आले, उजवा हात पँटच्या खिशात घालून, आणि टूलरूमच्या नोंदींच्या कामावर रुजू झाले.

हेल्परने एप्रिलमध्ये ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करायला होकार दिला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. सुपरवायझरनी त्याला आपली केबिन वीस मिनिटे दिली आणि स्वतः दाराबाहेर थांबले. त्या वीस मिनिटांची हजेरी ठेकेदाराच्या माणसाने कापली. सुपरवायझर भांडून ती परत लावून आले, पण पुढच्या फोनच्या वेळी पुन्हा तेच झाले.

येथे माझ्या आखणीतली मोठी चूक उघडी पडते. चौदाही सुपरवायझर कंपनीच्या पटावरचे होते; कामगारांपैकी निम्म्याहून अधिक ठेकेदाराचे आणि त्यांची हजेरी, पाळी, खाडे पाहणारे ठेकेदाराचे पाच सुपरवायझर वेगळे होते. त्यांना मी बोलावलेच नव्हते. त्यांचे पहिले सत्र जुलै २०२३ मध्ये, रात्रपाळी सुटल्यावर सकाळी सव्वासातला कॅन्टीनमध्ये झाले. पोहे खाऊन झाल्यावर मी ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ एवढे सांगून थांबलो, तेव्हा सर्वांत तरुण मुलाने विचारले, ‘साहेब, तो फोनवर बोलत असताना त्याची हजेरी कोण देणार, कंपनी की आमचा शेठ?’ मी एचआरच्या अधिकाऱ्यांकडे पाहिले. त्यांनी तो प्रश्न डायरीत लिहून घेतला. ठेकेदाराच्या करारात त्या वीस मिनिटांचा उल्लेख हे लिहीपर्यंत आलेला नाही.